आसरांचं न्हाणं

“या शेवटच्या दोन ओव्या काढून टाका,” असं म्हणता म्हणता कुलथे साहेबांनी तांबडी पेन्सिल त्यांवरून फिरवलीसुद्धा. सांगणं आणि करणं यांत अंतर ठेवायची त्यांना सवय नव्हती.

“साहेब, गाणं तिथं संपतं. त्या काढल्या तर ते लोंबकळत राहील.”

“गाणं कुठं संपवायचं हे आता आपण ठरवायचं, फापाळेबाई. अभियान आपलं आहे.”

अभियान साक्षरतेचं होतं. साल एक्क्याण्णव. कुलथे साहेब आमचे विस्तार अधिकारी, आणि वाईट माणूस मुळीच नव्हते, हे आधीच सांगते. पुढं ते विसरायला होईल. नव्यानं अक्षर ओळखू लागलेल्या बायांना वाचायला त्यांच्याच गाण्यांचं पुस्तक द्यायचं, ही कल्पना त्यांची. गाणी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी धामणसरीच्या शाळेत मास्तरीण होते आणि कुणी ओवी म्हणू लागलं की माझ्या हातातली कामं गळून पडत. खडू हातात, फळ्यावर अर्धा भागाकार, आणि बाहेर कुणी शेण थापता थापता गुणगुणली की मी खिडकीत.

हे गाणं मी वरच्या ठाकरवाडीत चिमाबाई मेंगाळांकडून उतरवून घेतलं होतं. उन्हाळ्यात वळवंडी नदी आटून तिचे डोह उरले की ठाकर एका झाडाची साल कुटून डोहात टाकत. मासे गुंगून वर येत, बाया-माणसं ते पाटीत वेचत. कुटताना हे गाणं.

काळी सासू माळावरी, तिची सोलियली पाठ
डोहातल्या मासोळीच्या डोळां पडियेली गाठ

अशा सात ओव्या. कुठल्या दगडावर कुटायचं, किती पाट्या, कुठल्या वेळी, सगळं त्यात. आणि शेवटी या दोन:

साती आसरा न्हातात तीन दिस तीन राती
भरू नको बाई घडा, पाणी आसरांच्या हाती

सांग सांगावा खालती, नारळ ठेवून येशीत
तान्हं लेकरू जपावं माउलीनं ग कुशीत

“अंधश्रद्धा,” साहेब म्हणाले. “पाण्यातल्या देवबाया न्हातात म्हणे! आणि ही काळी सासू म्हणजे कोणतं झाड? खाली टीप द्या. नवसाक्षरांना कळायला नको?”

“झाडाचं नाव देता येणार नाही. चिमाबाईंना मी शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, गानं घे, नाव नको घेऊ. वाईट झाड हाय.”

साहेबांनी पेन्सिल कानावर ठेवली. मग उदार झाले. “ठीक. तुमचं नाव राहू द्या गुलदस्त्यात. माझ्या आसरा निघाल्या. दोघांचंही राहिलं.”

मी कचेरीच्या पायऱ्या उतरले त्या हवेत तरंगत. केवढं घातक ज्ञान मी छातीशी धरून वाचवलं होतं! तेव्हा मी फार शहाणी होते. शिक्षण डी.एड.पुरतं, पण शहाणपण थेट एम.ए.चं. त्या झाडाचं नाव धामणसरीतल्या प्रत्येक गुराख्याला ठाऊक होतं, हे तेवढं मला ठाऊक नव्हतं. मी दाराला भलं मोठं कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. भिंत तिथं नव्हतीच.

पुस्तक निघालं. मोठ्या टायपात, मुखपृष्ठावर सूर्य. सरकारी पुस्तकावर सूर्य असतोच.

चैत्र संपत आला होता. सकाळची शाळा सुटत होती, तेवढ्यात चिमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या पुढची बाई, तीन मैल उतरून आलेली, पण दम लागला होता तो चालण्याचा नव्हता.

“मास्तरीण, वरल्या डोहात मासं पालथं पडल्यात.”

“मग? तुमचं मासे धरणं झालं वाटतं.”

“आमचं नाय! आमी औंदा साल सोललीच नाय, डोहाला पानीच कितीसं हाय! कोनी तरी रातच्याला टाकलंय. नि टाकलंय ते पन येड्यावानी. आमी चार पाट्या टाकतो. तिथं कुटक्याचा ढीग पडलाय ढीग. दुपारपत्तुर ते पानी तुमच्या उतारावं येतंय.”

नदीच्या उतारावर गावाचे झिरे होते. वाळूत खड्डे करून बाया त्यातलं पाणी भरत. आणि त्या दिवशी वाकचौऱ्यांकडे हळद होती, दोनशे माणूस जेवायला.

“काय होतं ते पाणी प्यालं तर?”

चिमाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की सगळं पुस्तक लिहून काढणाऱ्या बाईनं हे विचारावं? “मोठ्या मानसाला वकाऱ्या. हातपाय लुळं. लई पोटात गेलं तर काय सांगावं. माज्या आजीच्या टायमाला एक डाव सांगावा धाडायचा राहिला. खालती दोन तान्ही गेली.”

तेव्हा त्या दोन ओव्यांचा अर्थ मला कळला. तीन दिवस, तीन राती. इतकी साधी गोष्ट. ठाकरांची एक बाई येऊन वेशीत नारळ ठेवी, ‘न्हाणं निघालं’ म्हणे आणि तीन दिवस वाटेवर बसून राही. गाव तेवढे दिवस देवळामागच्या विहिरीवर जाई. विष हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, कुणी ऐकायचा नाही, आणि कुणी मरायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली एवढी सुबक व्यवस्था मी आणि कुलथे साहेबांनी एका तांबड्या पेन्सिलीत निकालात काढली होती.

“चला,” मी म्हणाले, “सरळ सांगून टाकू, पाण्यात विष आहे.”

चिमाबाईंनी माझं मनगट धरलं. “इख म्हन, नि सांच्याला आमची खोपटी पेटलेली बघ. साल कोनाला ठावं? ठाकराला. गेल्या साली बकरू हरवलं तर दोन घरं जाळली. बकरू नंतर गावलं, मास्तरीण. घरं नाय गावली.”

“मग?”

त्यांनी ओटीतून नारळ काढला.

उतारावर पंधरा-वीस बाया होत्या. हंडे, कळश्या, हळदीची गाणी, एकमेकींवर पाणी उडवणं. चिमाबाईंनी वाटेवर नारळ ठेवला आणि हात जोडले. “बायांनो, न्हाणं निघालं. तीन दिस घडा भरू नका.”

म्हाताऱ्या थबकल्या. दोघींनी भरल्या कळश्या पालथ्यासुद्धा केल्या. जमलं, असं मला वाटेतो नर्मदा पुढं आली. नर्मदा वाकचौरे. माझ्या वर्गातली सर्वांत हुशार बाई. चार महिन्यांत अंगठ्यावरून जोडाक्षरांवर आलेली. त्या दिवशी घरचं कार्य, म्हणून हिरवा चुडा भरलेला.

“ए म्हातारे, कसलं न्हाणं? तुझंच गाणं हाय ना ते? बाईंनी छापलंय. मला तोंडपाठ हाय. त्यात न्हाणं-बिणं काय बी नाय.” आणि तिनं कमरेची पिशवी उघडून पुस्तक काढलं! हळदीचं पाणी भरायला बाई पुस्तक घेऊन निघते, याहून मोठं यश अभियानाला दुसरं कोणतं मिळायचं होतं? बोट ठेवत ठेवत तिनं सातही ओव्या खणखणीत वाचल्या. “झालं. संपलं. पुढं ‘शिका आणि शहाणे व्हा’ लिवलंय. काय ओ बाई, खरं का नाय?”

वीस जणी माझ्याकडे बघत होत्या.

“नर्मदे, ते... छापताना थोडं राहिलं.”

“आवं, सरकारचं पुस्तक! त्यात कसं राहील?” बाया हसल्या. एकीनं झिऱ्यात तांब्या बुडवला.

मला दुसरं काही सुचलं नाही. अगदी खरं सांगते. छातीवर ‘अज्ञान हटवा’ असा बिल्ला, पायात चपला, हातात शाळेच्या किल्ल्या. त्या किल्ल्या मी फेकल्या, अंबाडा सोडला आणि घुमू लागले.

लहानपणी आजोळी बघितलेलं सगळं उपयोगी पडलं. दातओठ, गरगर मान, घशातून हूंऽ हूंऽ. “कोण गं ती आमच्या न्हाण्यात हात घालती? सातीजणी न्हातोय! हात झडल तिचा!” पिणारीनं तांब्या असा टाकला की जणू निखारा होता. चिमाबाई माझ्या पायाशी लोळण घेत ओरडू लागल्या, “चुकलं आई, चुकलं!” इतका सुंदर अभिनय मी नाटकात पाहिला नाही. बाया पटापट हंडे रिते करू लागल्या.

एकटी नर्मदा हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही. तो राग नव्हता. आपल्या बाईची तिला लाज वाटत होती. “बाई,” ती हळू म्हणाली, “तुम्हीच सांगितलंत ना, असलं काय नसतं?” आणि धडा नीट गिरवणाऱ्या विद्यार्थिनीसारखी खाली वाकून तिनं ओंजळ भरली.

मी घुमत घुमत तिच्यावर कोसळले. तिचे केस धरले, तोंड कानाशी नेलं. “वरच्या डोहात साल टाकलीय. पाण्यात विष आहे. ठाकरांनी नाही टाकली. बोललीस तर वाडी जळेल.”

तिची ओंजळ सुटली. माझ्याकडे बघताना तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. “रात्री आमचे हे पाटीभर मासं घेऊन आले,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. “हळदीच्या पाव्हण्यांसाठी. चार पाट्यांनी काय होणार, म्हणाले. मीच वाचून दाखवलं होतं, बाई. त्यांना वाचता येत नाय.”

मग तिनं चुडा वाजवला, अंबाडा सोडला, आणि माझ्याहून दुप्पट आवाजात आरोळी ठोकली, “आल्या गं बायांनो, आल्या! सातीच्या साती आल्या!”

शिकवलेलं एवढ्या लवकर आत्मसात करणारी बाई मला पुन्हा भेटली नाही.

हळद विहिरीच्या पाण्यावर झाली. कुणाला उलटी झाली नाही, कुणी दगावलं नाही. चिमाबाई रीतीप्रमाणे उतारावर आंब्याखाली बसून राहिल्या. मी घरी जाऊन केस विंचरले आणि रात्रभर स्वतःचं कौतुक करत पडले. गोष्ट इथं संपली असती, तर मी ती आवडीनं सांगत फिरले असते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जीप आली.

साक्षरतेच्या बिल्ल्यासकट मास्तरणीच्या अंगात आलं, ही बातमी तालुक्याला पोचायला एक रात्र पुरली होती. कुलथे साहेब उतरले ते थेट उताराकडे निघाले. मागं सरपंच, तलाठी, दीडशे माणूस. साहेबांच्या हातात स्टीलचा पेला.

“फापाळेबाई, मला तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“साहेब, दोन मिनिटं बाजूला येता? थोडं बोलायचं होतं.”

“बाजूला काही नाही. जे बोलायचं ते लोकांसमोर. लपवाछपवीतूनच अंधश्रद्धा फोफावते.” त्यांनी गावाकडे तोंड केलं आणि आवाज चढवला. “मंडळी! या पाण्यात म्हणे बाया न्हातात! मी हे पाणी तुमच्यासमोर पिऊन दाखवतो. मला काही झालं, तर आसरा खऱ्या. नाही झालं, तर आजपासून गावात हे थोतांड बंद!”

टाळ्या पडल्या. त्यांनी झिऱ्यात पेला बुडवला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. वाईट गोष्टी बहुतेक वेळा तशाच दिसतात.

आंब्याखाली चिमाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मागं डोंगराच्या कुशीत वाडीची सतरा छपरं दिसत होती. गर्दीत नर्मदा, तिच्याशेजारी तिचा नवरा, राखेसारखा. पुढच्या रांगेत गेल्या साली बकऱ्यासाठी काडी लावणारे दोघं होते, त्यांनाही मी ओळखत होते. एक शब्द बोलले असते तर साहेब वाचले असते. तोच शब्द दीडशे जणांनी ऐकला असता.

“साहेब, पिऊ नका.”

“का? कारण सांगा. एक शास्त्रीय कारण सांगा, पेला टाकून देतो.”

माझ्या जिभेवर कारण होतं. पूर्ण शास्त्रीय. मी म्हणाले, “आसरा न्हातात, साहेब.”

ते हसले. सगळं गाव हसलं. आणि त्यांनी पेला एका दमात रिता केला. मग लोकांच्या आग्रहाखातर दुसरा.

जीप गावाबाहेरच्या चढावर पोचली नसेल, तोवर ड्रायव्हर ती वळवून ओरडत परत आला. साहेब मागच्या सीटवर आडवे, सदरा ओला, तोंडाला फेस, डावा हात दोरीसारखा लोंबणारा. मी जीपमध्ये चढले. पाठोपाठ चिमाबाई चढल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. गाव दोन्ही बाजूंनी हात जोडून उभं होतं. कुलथे साहेबांनी आपला शब्द खरा केला होता, आसरा खऱ्या ठरल्या होत्या. त्या एका सकाळी त्यांनी त्या खोऱ्यात जी श्रद्धा पेरली, ती सात पिढ्यांच्या भगतांना जमली नसती.

पुढचं सांगून टाकते. साहेब वाचले. पंधरा दिवसांनी हिंडूफिरू लागले, डाव्या हाताची थरथर मात्र निवृत्तीपर्यंत गेली नाही. सही करताना ते कागदावर पेपरवेट ठेवत. मला ‘अवैज्ञानिक वर्तनाबद्दल’ ठपका आणि दूरची बदली मिळाली. त्या पत्रावर सही त्यांचीच. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा त्या दोन ओव्या जागेवर परत आल्या होत्या. कुणी घातल्या, मी विचारलं नाही. आता तो डोह, तो उतार, ती वाडी, सगळंच धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि कुणाचं छप्पर जळायचं उरलेलं नाही. म्हणून तर हे लिहिते आहे.

पण त्या दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. तरुण डॉक्टर साहेबांच्या पापण्या उघडून बघत होता. त्यानं घाईघाईनं विचारलं, “यांच्या पोटात काय गेलंय? कुणाला माहीत आहे का? नेमकं कळलं तर इलाज करता येईल. नाहीतर मी अंधारात चाचपडतोय.”

मला माहीत होतं. डॉक्टर माझ्याकडेच बघत होता, कारण आम्हा दोघींत चष्मा मला होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टर कागदावर लिहील. कागद पोलिसांकडे जाईल. पोलीस वाडीवर जातील. तुरुंगात नर्मदेचा नवरा जाईल की ठाकर जातील? मी शब्द दिलाय. एक माणूस विरुद्ध सतरा घरं. मी मनातल्या मनात तागडी धरून उभी होते, आणि काटा हलायला तयार नव्हता. पलंगावर साहेबांचा श्वास घरघरत होता.

चिमाबाई पुढं झाल्या. डॉक्टरच्या बाहीला धरून त्यांनी त्या झाडाचं नाव सांगितलं. स्पष्ट, दोनदा. किती पाट्या पडल्या असतील तेही सांगितलं, आणि आपल्यात अशा वेळी काय पाजतात तेही. डॉक्टर धावला. नळ्या, बादल्या, सिस्टरची पळापळ.

संध्याकाळी तो घाम पुसत बाहेर आला. “टळलं,” म्हणाला. मग केसपेपर उघडून चिमाबाईंकडे पाहिलं. “आजी, इथं काय लिहू?”

“त्ये तुजं तू बघ, लेकरा.”

त्यानं थोडा वेळ पेन टेकवून धरलं आणि लिहिलं, ‘शिळे अन्न.’

आम्ही दोघी बाहेरच्या ओट्यावर बसलो. एस.टी.ला वेळ होता. चिमाबाईंनी चंची सोडली, तंबाखू चोळली. मी म्हणाले, “तुम्ही कसं सांगितलंत? वाडीचा विचार नाही आला मनात?”

“आला की. सतरा घरं हायेत, त्यात सात माज्या भावकीची. कसा नाय येनार?” त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली आणि माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, खरोखरच काही तरी जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, “पर समोर मानूस मरत व्हता, मास्तरीण. तू कसला इचार करत व्हतीस?”